दोष देण्यापूर्वी दोघांची तपासणी



विवाहाला तीन-चार वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की सर्वांची नजर प्रथम सुनेकडे वळते. कोणी तिला देवीला नवस बोलावयास सांगते, कोणी नोव्हेना करावयास सांगते, तर कोणी बारशाच्या घरी तिला बोलावण्याचेच टाळते. तिच्या पतीला मात्र कोणी काही विचारीत नाही. आपली भाषाही या पक्षपातात सामील आहे. 'वांझ' हा शब्द आपण स्त्रीलाच लावतो. पुरुषाविषयी बोलण्याची वेळ आली, तर 'नपुंसक' हा शब्द उच्चारला जातो. आणि तो तर सर्वस्वी निराळ्या गोष्टीचा वाचक आहे. ज्याचे वैवाहिक जीवन सर्व प्रकारे निकोप आहे, अशा धट्ट्याकट्ट्या पुरुषाचेही बीज दुर्बळ असू शकते. त्याची त्याला स्वतःला जाणीव होत नाही. ते केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याने १६७७ साली आपल्या भिंगातून वीर्यातील वळवळणारे शुक्रजंतू पाहिले. शुक्रजंतूची लांबी मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतकी असते. डोक्यात पित्याचा आनुवंशिक वारसा, मध्यभागी शक्ती पुरविणारे सूक्ष्म कण आणि मागे चाबकासारखी हलणारी शेपटी, अशी त्याची रचना असते. पुढील प्रवासात गर्भाशयाचे स्नायू त्याला थोडे साहाय्य करतात. परंतु गर्भाशयाच्या मुखाशी असलेला चिकट द्राव ओलांडणे आणि अखेरीस स्त्रीबीजाचे कवच भेदणे, ही कामे त्याला स्वतःच्या शेपटीच्या बळावरच करावी लागतात. म्हणून नुसती संख्या पुरेशी नसते, गतीही हवी.

ही गती कशी मोजतात? शाळेच्या मैदानावर शंभर मुले उभी आहेत, अशी कल्पना करा. काही सरळ पुढे धावतात, काही जागच्या जागी घुटमळतात, काही हलतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या नियमावलीप्रमाणे शंभरांपैकी निदान ४२ हलणारे आणि त्यांतील निदान ३० पुढे जाणारे असावेत. याहून कमी आढळल्यास अहवालावर 'अस्थेनोझूस्पर्मिया' असा भारदस्त शब्द लिहिला जातो. त्याचा अर्थ एवढाच, की शुक्रजंतूंची गती मंद आहे. हे आकडे म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा नव्हेत. ज्यांच्या पत्नींना वर्षाच्या आत गर्भ राहिला, अशा पुरुषांच्या तपासणीवरूनच ते काढलेले आहेत; त्यांच्यांतीलही शेकडा पाच जण या रेषेखाली होते. गती मंद असणे म्हणजे पितृत्वाची आशा संपणे नव्हे. मात्र वाट लांबू शकते.

गती मंद होण्याची कारणे अनेक आहेत. वृषणे शरीराबाहेर असतात, कारण त्यांना शरीराहून दोन ते चार अंश कमी उष्णता मानवते. त्यांच्याजवळील शिरा फुगल्या, म्हणजे व्हेरिकोसील झाले, तर हानी संभवते. तीव्र ताप, जननमार्गातील जंतुसंसर्ग, तंबाखू, अतिमद्यपान आणि लठ्ठपणा यांचाही परिणाम होतो. शरीर पिळदार व्हावे म्हणून काही तरुण टेस्टोस्टेरोनची इंजेक्शने घेतात. त्यांनी पौरुष वाढते, असा समज आहे. वस्तुतः त्यांच्यामुळे वृषणांचे बीजोत्पादनच मंदावते, कित्येकदा थांबते. कित्येकांच्या बाबतीत तर कोणतेही कारण सापडत नाही.

शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडेपर्यंत सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून आजच्या तपासणीत दोन महिन्यांपूर्वीच्या तापाचा परिणाम दिसू शकतो. आणि आज तंबाखू सोडल्याचे फळही तीन महिन्यांनंतरच कळते. एका अहवालावरून खचून जाऊ नये. तो सदोष निघाल्यास काही काळाने दुसरी तपासणी करावी. त्यापूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा. नमुना तासाभराच्या आत तपासला जावा. तो घरून नेताना अंगाच्या उबेत ठेवावा, कारण थंडीने निरोगी शुक्रजंतूही मंदावतात.

उपचार कारणाप्रमाणे ठरतात. संसर्गावर औषध आहे, व्हेरिकोसीलवर काही वेळा शस्त्रक्रिया उपयोगी पडते. जाहिरातींतील पौष्टिक चूर्णांनी अपत्यप्राप्ती होते, यास मात्र खात्रीचा पुरावा नाही. फारच मंद गती असल्यास एकच शुक्रजंतू बारीक सुईने स्त्रीबीजात सोडण्याची पद्धती आहे. तिच्याद्वारे राहिलेल्या पहिल्या गर्भांची वार्ता १९९२ साली ब्रुसेल्स येथील संशोधकांनी जगाला दिली. ती खर्चाची आहे आणि यशाची हमी देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत पुरुषाकडील कारण, एकटे अथवा स्त्रीकडील कारणासह, आढळते. असे असूनही पत्नीच्या पोटात दुर्बीण घालण्यापर्यंत तपासण्या होतात आणि पतीची अल्प खर्चाची, वेदनारहित तपासणी राहून जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच! यात स्त्रीची वर्षे वाया जातात. आणि तिचे वय वाढते, तशी गर्भधारणेची शक्यता घटत जाते. म्हणून वर्षभर वाट पाहूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी वैद्याकडे जावे; पत्नीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनीच जावे.

सासूबाईंनो, सुनेच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी मुलाला एकवार तपासणीस पाठवा. आणि तरुणांनो, तेथे जाण्यात कमीपणा मुळीच नाही. पत्नीने वर्षानुवर्षे एकटीने सोसलेले बोलणे त्या एका भेटीने थांबू शकते.