बीजसंचित – लेखांक ६ : वाण तोच राहावा म्हणून

गेल्या आठवड्यात आपण जनुकपेढीतल्या उणे १८ अंशांच्या खोलीत होतो. नीट वाळवलेलं, हवाबंद पाकिटातलं ज्वारीचं बी तिथे कित्येक दशकं तग धरतं, पण कायमचं नाही. म्हणून काही वर्षांनी थोडं बी काढून त्याची उगवण तपासतात. ती सुरुवातीच्या उगवणीच्या ८५ टक्क्यांखाली गेली, किंवा संशोधकांना देता देता पाकीट रिकामं होत आलं, की ते बी शेतात पेरून नवं घ्यावं लागतं. वाण बिघडण्याचा सगळ्यात मोठा धोका याच हंगामात असतो. माझ्या मते जनुकपेढीची पारख तिच्या शीतगृहावरून करू नये, तिच्या शेतावरून करावी.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेची जनुकपेढी आहे. देशोदेशींचे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमुगाचे वाण तिथे सांभाळले जातात. हरभरा आणि भुईमुगाची फारशी काळजी नसते, कारण ते आपलेच पराग घेतात. ज्वारीही बहुतेक आपलेच घेते. पण वाऱ्यावर शेजारच्या ओळीतले पराग आले तर तेही चालतात तिला. म्हणून ज्वारी निसवली, की फुलोऱ्याआधीच कणसावर कागदी पिशवी चढवायची. ज्वारीचा फुलोरा शेंड्याकडून खाली उतरतो. पिशवी घालायला उशीर होऊन शेंडा फुललाच असेल, तर तेवढा भाग कात्रीने छाटून टाकायचा आणि मग पिशवी बांधायची. अशी शेकडो कणसं, एकेक हाताने.

बाजरीचं आणखी अवघड. तिच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पुंकेसर मागाहून, त्यामुळे ती बहुतेक दुसऱ्या ताटाचेच पराग घेते. त्यावर उपाय म्हणून एकाच वाणाच्या शेजारच्या ताटांची कणसं एका पिशवीत एकत्र बांधतात. तुरीला मधमाश्या गाठतात, म्हणून ती जाळीखाली वाढवायची.

भेसळ निदान पुढच्या पिढीत डोळ्यांना दिसते. त्याहून वाईट आहे ती न दिसणारी गळती. गावरान वाण म्हणजे एकसारखी झाडं नव्हेत. समजा, एखाद्या वाणात शंभरातली पाच झाडं खोडमाशीला दाद न देणारी आहेत. पुन्हा पेरणीसाठी २० झाडांचंच बी घेतलं, तर तो गुण एकाही झाडात नसण्याची शक्यता ३६ टक्के. १०० झाडं घेतली तर एक टक्क्याहूनही कमी. पाकिटावर नाव तेच, क्रमांक तोच, बी ठणठणीत उगवणारं. पण ज्यासाठी ते जपलं तेच निघून गेलेलं. जर्मनीतल्या गाटर्सलेबेनच्या जनुकपेढीत राय या पिकाचे जुने नमुने आणि पुढे पेरून घेतलेलं बी यांची तुलना झाली. ते संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. मूळ नमुन्यातले कितीतरी जनुकप्रकार नंतरच्या बियाण्यात सापडलेच नाहीत.

कापणीतही हेच पथ्य. सगळी कणसं एकत्र मळली तर टपोऱ्या कणसांचं बी जास्त भरतं आणि बारक्यांचा वाटा बुडतो. म्हणून प्रत्येक झाडाचं बी सारख्या मापाने घ्यायचं. नंतर ते मूळ नमुन्याशेजारी ठेवून रंग, आकार, चकाकी ताडून पाहायची. आणि मुळात पुन्हा पेरायची वेळच कमी यावी, यासाठी सुरुवातीलाच भरपूर आणि चांगलं वाळलेलं बी ठेवायचं.

तुमच्या शिवारात अजून एखादा जुना वाण असेल, तर राष्ट्रीय जनुकपेढीचं प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे, तिथे कळवा. देताना मात्र निवडक टपोऱ्या कणसांचं बी देऊ नका. रानभर फिरून पन्नास-शंभर ताटांचं थोडं थोडं घ्या, आणि सोबत गावाचं नाव, जमीन, पेरणीचा महिना आणि वाणाचं तुमच्याकडचं नाव लिहून द्या.