फेटाळलेल्या अपिलानंतरचा अर्ज

अंबा नदीच्या काठी, धरमतरच्या खाडीलगत वसलेले डोलवी गाव पोलादाच्या कारखान्यामुळे दूरवर ठाऊक झाले आहे. परंतु पेण तालुक्याच्या या पट्ट्यात ज्या घरच्या कर्त्या पुरुषाचा पाय अपघातात निकामी झाला, किंवा ज्या घरातल्या तरुण मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, त्या घराच्या महिन्याच्या हिशेबात ‘संजय गांधीच्या पेन्शनी’चे मोल फार मोठे असते. ती एकदा नाकारली गेली आणि त्यावर केलेले अपीलही फेटाळले गेले, म्हणजे सारे संपले असे मानून कागद पिशवीत बांधून ठेवले जातात. ही समजूत निराधार असून तिच्यापायी हक्क शाबूत असलेली माणसेही वर्षानुवर्षे वंचित राहतात, म्हणून तिचे निराकरण थोडे विस्ताराने करणे अगत्याचे वाटते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 साली सुरू झाली, ती याच रायगड जिल्ह्यातील आंबेत गावचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. दिव्यांग अर्जदाराचे अपंगत्व किमान 40 टक्के असावे, त्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावे आणि राज्यात त्याचे 15 वर्षांचे वास्तव्य असावे, या तिच्या मुख्य अटी आहेत. 2023 साली मासिक अनुदान 1,500 रुपये झाले आणि 2025 साली दिव्यांगांसाठी ते 2,500 रुपये करण्याचा निर्णय झाला. दारिद्र्यरेषेखालील ज्या व्यक्तीचे अपंगत्व 80 टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तिच्यासाठी इंदिरा गांधींच्या नावाची केंद्राची योजनाही आहे.

नकार येतो तो दोन निरनिराळ्या दारांतून, आणि गोंधळ होतो तो बहुधा हे न ओळखल्याने. ‘टक्के कमी पडले’ हा नकार अलिबागच्या सिव्हिल हॉस्पिटलातील वैद्यकीय मंडळाचा. उत्पन्न, वास्तव्य किंवा वय यांवरून झालेला नकार पेणच्या तहसील कचेरीचा. डॉक्टरांनी दिलेल्या टक्क्यांबद्दल तहसीलदारांपुढे कितीही कळवळून कैफियत मांडली तरी ते टक्के बदलू शकत नाहीत; तसेच उत्पन्नाच्या दाखल्यातली चूक सिव्हिलमध्ये दुरुस्त होत नाही. तेव्हा पुन्हा अर्ज करण्यापूर्वी पहिले काम म्हणजे फेटाळल्याच्या हुकुमाची नक्कल मिळवणे आणि तीत लिहिलेले कारण, शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून का होईना, शब्दन् शब्द वाचून घेणे.

टक्क्यांविषयीचा कायदा पुरेसा स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाखालील नियमांनुसार प्रमाणपत्राविरुद्ध 90 दिवसांत अपील करता येते. अपील अधिकाऱ्याने अर्जदाराचे म्हणणे ऐकून, 60 दिवसांच्या आत, कारणांसह सविस्तर हुकूम द्यायचा असतो. तो हुकूम विरुद्ध गेला तरी जपून ठेवावा, कारण पुढील अर्जात नेमके काय सिद्ध करावे लागेल हे त्याच्याइतके दुसरा कोणताही कागद सांगू शकत नाही. अपिलात निकाल लागतो तो त्या दिवसाच्या तपासणीचा आणि त्या दिवसाच्या कागदांचा. देहाची अवस्था पुढे पालटली, तर त्या पालटलेल्या अवस्थेची तपासणी मागण्यास नियमांची आडकाठी नाही.

मात्र तेच कागद, तीच कारणे घेऊन पुन्हा रांगेत उभे राहण्याने प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांखेरीज हाती काही येत नाही. नव्या अर्जास नवा आधार हवा. आजार बळावला असेल तर मधल्या काळातील केसपेपर, एक्स-रे आणि कानांच्या तपासणीचे अहवाल सनावळीने लावून द्यावेत. जुने प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असेल तर मुदत सरण्यापूर्वीच फेरतपासणी मागावी. एखाद्याला 2017 पूर्वी केवळ त्याचा विकार यादीत नाही म्हणून परत पाठवले असेल, तर 1995 च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी आता एकवीस प्रकार आले आहेत आणि थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन हेही त्यांत आहेत, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

यांहूनही दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे दुसरे अपंगत्व. समजा, एखाद्याचा पाय 36 टक्के अधू ठरला आणि तो चार टक्क्यांसाठी अपात्र झाला. परंतु त्याच्या कानांचीही तपासणी होऊन तेथे 10 टक्के दोष निघाला, तर दोहोंची सांगड घालण्याचे शासकीय सूत्र आहे. ही सरळ बेरीज नसते. मोठा आकडा 90 मधून वजा करावयाचा, उरलेल्या 54 ला लहान आकड्याने गुणून 90 ने भागावयाचे आणि आलेले 6 मोठ्या आकड्यात मिळवावयाचे. म्हणजे एकूण 42 टक्के होतात आणि तो मनुष्य पात्र ठरतो. अर्ज भरताना दोन्ही व्यंगे नोंदवली नाहीत, तर ही आकडेमोड करण्याचा प्रसंगच येत नाही, आणि पायाच्या दुःखापुढे कानांचा उल्लेख करणे माणसाला सहसा सुचत नाही.

तहसिलातून झालेल्या नकाराचे स्वरूप निराळे असते. तेथे तलाठ्याच्या चौकशीत घरातील कोणाची मिळकत धरली गेली, रेशनकार्डावर विभक्त झालेल्या भावाचे नाव राहून गेले आहे काय, वास्तव्याचा पुरावा अपुरा पडला काय, हे पाहावे लागते. खरोखर वेगळी चूल असेल तर ती कागदावर वेगळी करून घ्यावी, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढावा आणि मगच अर्ज तालुक्याच्या समितीपुढे पाठवावा. पेन्शनीसाठी खोटी फारकत दाखवण्याचा सल्ला देणारे एजंट भेटतात. त्यांच्या वाटेस जाऊ नये, कारण पुढे चौकशी लागली म्हणजे जबाब द्यावा लागतो तो अर्जदाराला.

अर्ज देताना तारखेसह पोच घ्यावी. फेटाळल्याच्या हुकुमाची नक्कल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागावी. उत्तरास 30 दिवसांची मुदत आहे. वकिलाच्या फीच्या धास्तीने मात्र कोणी थांबू नये, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे, आणि रायगडचे विधी सेवा प्राधिकरण अलिबागच्या जिल्हा न्यायालयात आहे. सिव्हिलमध्ये तपासणीसाठी जाल त्याच दिवशी तेथेही जाऊन येता येईल. जाताना फेटाळल्याचा हुकूम आणि अपिलाचा निकाल, दोन्ही सोबत असू द्यावेत.