दहा मायक्रोसेकंदांची मुदत

सेकंदाला 50 आवर्तनांचा एसी प्रवाह 100 वेळा शून्यावर येतो आणि ब्रेकरचे संपर्क दूर होताना त्यांच्यात पेटलेला आर्क, म्हणजे तापलेल्या वायूतून वाहणारी वीज, अशाच एखाद्या शून्याला विझतो. डीसी प्रवाहाला असे शून्य नसल्याने तो तोडायचा तर त्याला बळाने खाली आणावे लागते. डीसी जाळे असलेल्या जहाजावर ही अडचण अधिक बिकट होते, कारण बसबारला, म्हणजे वीज वाटणाऱ्या सामाईक पट्टीला, जोडलेल्या प्रत्येक कन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारे कॅपॅसिटर असतात, शॉर्ट सर्किट होताच ते सगळे आपला साठा त्या एकाच जागी रिकामा करतात आणि केबल आखूड असल्याने या लोंढ्याला फारसा रोध होत नाही. शॉर्ट सर्किटचा प्रवाह ज्याच्यातून जातो तो आयजीबीटी हा अर्धवाहक स्विच सहसा 10 मायक्रोसेकंदच तग धरतो, तर यांत्रिक ब्रेकरला संपर्क उघडायलाच काही मिलिसेकंद लागतात. त्या 10 मायक्रोसेकंदांत स्विच बंद करण्याचे काम त्याचा गेट ड्रायव्हर चोख करतो. मात्र बिघाड बसबारवर असेल तर प्रवाह आयजीबीटीला समांतर असलेल्या डायोडमधून वाहू लागतो, आणि डायोड हुकमाने बंद करता येत नाही.

अशा वेळी भिस्त असते ती फ्यूजवर. अर्धवाहकांसाठीच्या जलद फ्यूजमध्ये चिनी मातीच्या नळकांड्यात चांदीची पातळ पट्टी असते, तिच्यावर ओळीने भोके पाडलेली असतात आणि भोवती क्वार्ट्‌झची वाळू ठासून भरलेली असते. भोकांपाशी अरुंद झालेली पट्टी आधी वितळते, अनेक छोटे आर्क एकाच वेळी एकापुढे एक पेटतात, त्यांच्या व्होल्टेजची बेरीज जाळ्याच्या व्होल्टेजवर जाते आणि प्रवाह शून्याकडे रेटला जातो. उडालेला फ्यूज फोडला तर पट्टीच्या जागी काचेसारखी थिजलेली वाळूची खडबडीत ढेप हाती लागते. या साधनाला ना सेन्सर लागतो ना संगणकाचा आदेश, म्हणूनच त्याला जुनाट म्हणणे अन्यायाचे आहे.

अर्थात केवळ वेग पुरत नाही. सदोष भागच तुटावा आणि प्रोपेलरची वीज चालू राहावी, ही निवडक्षमता समुद्रात जिवाची बाब असते. एबीबी कंपनीची 1000 व्होल्टची डीसी प्रणाली 2013 साली ‘दिना स्टार’ या नॉर्वेच्या पुरवठा जहाजावर आली, तेव्हा तिचे संरक्षण मोठ्या डीसी ब्रेकरांऐवजी फ्यूज आणि जनरेटरचा पुरवठा रोखू शकणारे थायरिस्टर रेक्टिफायर यांच्या जोडीवर सोपवले होते. अर्धवाहकांचा इलेक्ट्रॉनिक ब्रेकर 10 मायक्रोसेकंदांच्या आसपास प्रवाह तोडू शकतो, पण तो चालू असताना सतत उष्णता निर्माण करतो आणि बंद असतानाही त्यातून किंचित गळती होत असल्याने, माणसाने केबलला हात लावण्यापूर्वी वेगळा आयसोलेटर, म्हणजे तार प्रत्यक्ष तोडणारा स्विच, उघडावाच लागतो.

याउलट भूदोष, म्हणजे एखाद्या तारेचा जहाजाच्या लोखंडी सांगाड्याशी झालेला संपर्क, कोणतीही घाई करत नाही. जाळे सांगाड्यापासून विलग ठेवलेले असल्याने पहिल्या भूदोषाने फक्त इशारा वाजतो आणि जहाज चालत राहते. दुसऱ्या ध्रुवावर दुसरा दोष उद्भवला की मात्र दोन्ही मिळून शॉर्ट सर्किट होते, म्हणून विद्युत अधिकारी त्याआधीच एकेक फीडर, म्हणजे वीज नेणारी शाखा, क्षणभर बंद करून इन्सुलेशनचे वाचन कुठे सुधारते ते पाहत फिरतो.