फोनमधले पैसे कुठे गेले?

आमच्या वसतिगृहातील मुलींना आईवडील रविवारी पाड्यावरून फोन करतात. गेल्या महिन्यात एकीला दोन रविवार फोन आला नाही. शेवटी वडील स्वतःच आले. "ताई, पैसे टाकले की कापलेच जातात," म्हणाले. पाहिले तर न मागता गाण्यांची सेवा सुरू झालेली! महिनाभराची मजुरी जपून वापरणारा माणूस हा.

बंधुभगिनींनो, ग्राहकाने दोनदा होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येत नाही, असा ट्रायचा नियम आहे. ती बंद करायला १५५२२३ हा मोफत क्रमांक २०१३ पासून आहे. पैसे कापल्यापासून २४ तासांत कळवले, तर ते परत मिळायला हवेत. आम्हाला उशीर झाला होता. तरी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला आणि तक्रार क्रमांक मागून घेतला. तो मागायचाच, कारण समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाताना तोच दाखवावा लागतो. अपिलाला शुल्क नाही.

पैशांची वाट अजून पाहतो आहोत. सेवा मात्र बंद झाली. वडिलांना वाचता येत नाही, म्हणून लेकीने त्यांच्याकडून तो क्रमांक दहा वेळा दाबून पाठ करून घेतला. गेल्या रविवारी फोन आला.