मुंबईस गेलेला भाऊ आणि गावची पडीक जमीन

पोटासाठी मनुष्य गाव सोडतो, ही गोष्ट नवी नव्हे. त्याचे परमुलखी काय झाले हे आपण आवडीने ऐकतो. परंतु त्याच्यामागे राहिलेल्या जमिनीचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्यात जितके स्पष्ट दिसते तितके महाराष्ट्रात क्वचितच अन्यत्र दिसेल. १९८१ पर्यंत हल्लीचा सिंधुदुर्ग जिल्हाही रत्नागिरीतच मोडत असे. सबब त्यापूर्वीचा उल्लेख येईल तेथे दोन्ही मिळून समजावे. घाटावरील ज्या बंधूंची मुले व भाऊ पुण्या-मुंबईस स्थायिक झाले आहेत, त्यांनीही हा मजकूर परका मानू नये.

प्रथम जाण्याची कारणे पाहू. कोकणात पाऊस उदंड, पण जमीन उताराची व कातळाची. पडलेले पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. खाचरात भाताचे एक पीक, आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी. ही वरकस जमीन दोन-चार वर्षे पिकविल्यावर काही वर्षे विसाव्यास सोडावी लागे. त्यात खोताचे देणे. दिवाळीनंतर हातास काम नाही आणि कणगीत वर्षाचे धान्य नाही, अशी सामान्य कुळाची स्थिती होती. इकडे १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईस कापडाच्या गिरणीचा पाया घातला, व पुढे एकामागून एक गिरण्या उभ्या राहून त्यांस माणसांची गरज पडू लागली. गलबताने आणि मागाहून आगबोटीने मुंबई जवळ आली. १८८१ च्या खानेसुमारीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लाखाहून अधिक लोक मुंबईत आढळले, व १९११ मध्ये ती संख्या दोन लाखांवर गेली.

या मंडळींचा तेथील संसार बहुधा एकट्या पुरुषाचा असे. गावच्या ओळखीने मुकादमाकडे जावयाचे, बदलीवाला म्हणून गिरणीच्या दारात उभे राहावयाचे, आणि एखादा कायमचा गैरहजर असेल तर त्या दिवसाचे काम मिळवावयाचे. चाळीच्या एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तीच जागा झाडून पथारी पसरी. जेवण खाणावळीत. आजारीपण, म्हातारपण वा टाळेबंदी आली तर विचारणारे कोणी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ आली तेव्हा हजारो लोक शहर सोडून आपापल्या गावी परतले. गिरणी हाताला काम देई, पण आधार देत नसे. आधार होता तो गावच्या घराचा आणि जमिनीचा. म्हणूनच कितीही वर्षे मुंबईस काढली तरी कोकणच्या माणसाने गावच्या जमिनीवरील आपले नाव कधी सोडले नाही. पुढील सर्व गोष्टींचे मूळ येथे आहे.

आता गावाकडे वळू. १८८० पासून टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली, आणि गिरणीची मजुरी थेट कोकणच्या उंबरठ्याशी येऊ लागली. तिने खोताचे देणे भागविले, सावकाराचे व्याज फेडले, लग्ने लावली, पेंढ्याच्या छपरावर कौले चढविली. मुंबईस स्थापन झालेल्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी करून गावोगाव शाळा व देवळे बांधली. रोख पैसा घरात येऊ लागल्याने खोतापुढे मान वर करण्याचे बळही कुळास आले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत अखेर बंद झाली. दुसऱ्या बाजूस शेतीचा सगळा भार स्त्रियांवर पडला. राब भाजणे, तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी हे सर्व त्यांनी केले. नांगरापुरता दीर किंवा शेजारचा गडी. मात्र आलेला पैसा घरास व देण्यास लागला. बांधबंदिस्तीस व खतास फारसा उरला नाही. मनीऑर्डरीने घर जगले, परंतु जमीन सुधारली नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो विधिपूर्वक कधी मिटलाच नाही. पुष्कळांची नोकरी कायमची गेली व कित्येक कुटुंबे गावच्या भाताकडे परत आली. पण पुढील पिढीने वेगळी वाट धरली. मुले शिकून पुन्हा शहराकडे गेली, ती आता बायकामुलांसह. विरार, डोंबिवली येथे त्यांनी बिऱ्हाडे केली. गावी म्हातारे आईबाप, आणि त्यांच्यामागे कुलूप. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली, सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. सबंध राज्याचे प्रमाण ९२९ होते.

जमीन पडीक पडण्याचे कारण केवळ माणसांची उणीव, असे मानले जाते. ते अपुरे आहे. शेजारी कसावयास तयार असतो. पण परगावचा मालक देत नाही. कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळे मालक ठरली, ही आठवण घराघरांत आहे. 'जमीन दुसऱ्यास दिली तर हातची जाईल' या भीतीने ती गवतास सोडली जाते.

दुसरे कारण सातबाऱ्यावर लिहिलेले असते. समजा, आजोबांची तीन एकर, म्हणजे १२० गुंठे जमीन होती. त्यांस चार अपत्ये, प्रत्येकास तीन, आणि त्या प्रत्येकास दोन. तिसऱ्या पिढीस चोवीस नावे लागतात व दर नावास पाच गुंठे येतात. मुलींचा हक्कही मुलांसारखाच आहे, हे विसरू नये. या चोविसांपैकी गावात एकच राहतो. त्यास काजू लावावयाचा झाला, विहीर खणावयाची झाली किंवा सरकारी अनुदान घ्यावयाचे झाले, तर सहहिस्सेदारांची संमती मागतात. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना निघाली, तिच्याखाली कोकणचे कित्येक उजाड डोंगर आंबा-काजूने हिरवे झाले. परंतु सह्या न जमल्याने अनेकांचे अर्ज तसेच राहिले. महसूल खात्यात दप्तर सांभाळताना प्रस्तुत लेखकाने असे कागद पुष्कळ पाहिले. भांडण कोणाचेच नसे. सही करणारा मात्र सापडत नसे.

आणि या पडीक जमिनीची झळ गेलेल्यास नव्हे, राहिलेल्यास लागते. सभोवार रान माजले की रानडुकरे व वानर मधल्या एकट्या खाचरावर उतरतात. उन्हाळ्यात वाळल्या गवतातून वणवा येतो आणि शेजाऱ्याची दहा वर्षांची काजूबाग एका दुपारी जाळतो. मग तोही कंटाळून मुंबईची वाट धरतो.

यावर आपल्या हातचे उपाय येणेप्रमाणे आहेत. पहिला, खातेदार मयत होताच तीन महिन्यांच्या आत गावदप्तरी वर्दी देऊन वारसनोंद करून घ्यावी. एक पिढी चुकली की पुढे दुप्पट घोळ होतो. दुसरा, वडीलधारी हयात आहेत तोवर सर्वांच्या संमतीने वाटप करावे. जमीन महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमाने तहसीलदाराकडे तसा अर्ज करता येतो. तिसरा, १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा शेताचे बारीक तुकडे पाडण्यास आडवा येतो व ते तुकडे शेतीसही निरुपयोगी. सबब ज्यास शेती करावयाची नाही त्याने योग्य मोबदला घेऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र भावास अथवा बहिणीस लिहून द्यावे. चौथा, नाव सोडावयाचे नसेल तर निदान लागवडीच्या संमतीचा कागद जाणत्या वकिलाकडून करून घ्यावा, म्हणजे मालकाची भीती जाते व कसणाऱ्यास भरवसा येतो.

हे सर्व जमावे कधी, असा प्रश्न येईल. चोविसातील बहुतेक नावे गणपतीस एकाच ओटीवर येतात. आरती झाल्यावर पत्त्यांचा डाव मांडण्याआधी सातबाऱ्याचा उतारा मध्ये ठेवावा आणि कोण कसणार, कोण सोडणार हे बोलून घ्यावे. ग्रामस्थ मंडळांनी आजवर शाळा बांधल्या, देवळे बांधली; आता प्रत्येक वाडीची वारसनोंद पुरी करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, तर ज्या जमिनीने त्यांच्या आजोबांस प्लेगात आणि टाळेबंदीत आसरा दिला, ती पुन्हा पिकती होईल.