आभासी पोर्ट: ओळख नवी, रस्ता जुनाच

सर्व्हरमध्ये फायबर चॅनलचे एकच कार्ड आहे, लिनक्समध्ये त्यावर चार आभासी पोर्ट तयार केले, म्हणजे स्टोरेजकडे जाणारे चार रस्ते झाले, असे अनेकांना वाटते. हा समज महागात पडतो. एकाच घराच्या दारावर चार नावांच्या पाट्या लावल्या तरी दार एकच राहते. एनपीआयव्ही या तंत्रामुळे आभासी पोर्टला फक्त स्वतःची ओळख मिळते: डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे 64 बिटांचा, 16 षोडशमान अंकांत लिहिला जाणारा क्रमांक. केबलची क्षमता सगळे वाटून घेतात आणि केबल तुटली की सगळेच बंद पडतात. पर्यायी मार्ग हवा असेल तर दुसरे कार्ड, दुसरा स्विच आणि अनेक मार्ग एकत्र सांभाळणारा मल्टिपाथच लागतो.

तरीही ही ओळख मोलाची आहे. कोणाला कोणते स्टोरेज दिसेल हे ठरवणारे झोनिंग आणि लन मास्किंग बहुधा याच क्रमांकावर चालते. व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या सर्व्हरवर नेले, तर तोच क्रमांक तिकडे उभा करता येतो. मात्र तिथेही त्याच फॅब्रिकला, म्हणजे स्विचच्या जाळ्याला, जोडलेले कार्ड हवे.

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या केव्हीएमबाबत आणखी एक गफलत होते. असा पोर्ट मशीनच्या आत दिसेल, ही अपेक्षा चुकीची आहे. तो यजमान सर्व्हरचा नवा स्कझी होस्ट असतो. त्याला दिसलेल्या डिस्क पुढे मशीनला द्याव्या लागतात.

आभासी पोर्ट तयार करण्यासाठी ‘व्हीपोर्ट_क्रिएट’ या फाइलमध्ये क्रमांक लिहिले की काम झाले, हेही अर्धसत्यच. खरा पोर्ट फ्लोगी (FLOGI) या विनंतीने स्विचवर लॉगिन करतो, आभासी पोर्ट एफडिस्क (FDISC) या विनंतीने. स्विचवर एनपीआयव्ही बंद असेल किंवा केबल थेट स्टोरेजला जोडली असेल, तर हे लॉगिन होतच नाही. अशा वेळी ड्रायव्हरला दोष देण्याआधी ‘व्हीपोर्ट_स्टेट’ वाचावे. तिथे ‘नो फॅब्रिक सपोर्ट’ लिहिलेले असेल तर दुरुस्ती स्विचकडे करायची आहे. आणखी किती पोर्टना जागा आहे, हे ‘मॅक्स_एनपीआयव्ही_व्हीपोर्ट्स’ आणि ‘एनपीआयव्ही_व्हीपोर्ट्स_इनयूज’ या दोन फाइलींतून कळते.

असे हाताने केलेले पोर्ट सर्व्हर रीबूट झाल्यावर उरत नाहीत. ते टिकवायचे असतील तर लिबव्हर्टमध्ये एफसी होस्टचा स्टोरेज पूल करून त्याला ऑटोस्टार्ट द्यावा. पोर्ट काढताना आधी डिस्क अनमाउंट करावी, मल्टिपाथमधून सोडवावी आणि मगच ‘व्हीपोर्ट_डिलीट’ वापरावे. हा क्रम उलटला तर चालू डेटाबेसखालची डिस्क एका क्षणात नाहीशी होते.