‘बनवाबनवी’ पुन्हा करायची तर…

23 सप्टेंबर 1988 रोजी ‘अशी ही बनवाबनवी’ प्रदर्शित झाला. तेव्हा जन्मलेलीही नव्हती ती मुलं आज त्यातले प्रसंग घडाघडा म्हणून दाखवतात. त्याच्या रिमेकचा नुसता विषय निघाला तरी मराठी माणूस हात जोडतो : बाबांनो, याला तेवढा हात लावू नका! या मायेचा मला मनापासून आदर आहे. पण चित्रपटाचं कूळ शोधत गेलं की कळतं, ‘बनवाबनवी’ हाच मुळात रिमेक आहे.

बीज बंगालीतलं. शैलेश डे यांच्या कथेवर 1955 मध्ये ‘जय मा काली बोर्डिंग’ हा बंगाली चित्रपट आला. 1966 मध्ये हृषीकेश मुखर्जींनी तीच कथा ‘बीवी और मकान’ म्हणून हिंदीत आणली. निर्मिती आणि संगीत हेमंतकुमार यांचं, गीतं गुलजारांची, पडद्यावर मेहमूद, आणि स्त्रीवेषात बिस्वजित व केश्टो मुखर्जी. एवढी तालेवार मंडळी असूनही चित्रपट फारसा चालला नाही. बावीस वर्षांनी तीच गोष्ट निर्माते किरण शांताराम, दिग्दर्शक सचिन पिळगावकर आणि लेखक वसंत सबनीस यांच्या हाती आली आणि तिचं सोनं झालं.

सांगाडा तोच राहिला : राहायला जागा नाही, घरमालकीण जोडप्यांखेरीज कुणाला ठेवून घेत नाही, म्हणून दोघांनी साड्या नेसायच्या. पण ‘विच्छा माझी पुरी करा’सारखं लोकनाट्य लिहिलेल्या सबनीसांचा कान बोलीवर घडलेला. त्यांनी गोष्ट पुण्यात अशी रुजवली की ती बाहेरून आली असेल अशी शंकाही येऊ नये. सुधीर जोशींचे सरपोतदार आणि अशोक सराफांचे धनंजय माने यांचा प्रसंग पाहा. मधुमेहावरचं इस्रायली औषध आणून देतो म्हणून मान्यांनी आपल्या या आधीच्या घरमालकाकडून सत्तर रुपये घेतलेले. औषध देणारा माणूस वारला, आणि त्याच्यासोबत ते सत्तर रुपयेही वारले! सरपोतदारांचा संताप खरा, मान्यांचा निर्विकारपणा खरा, आणि दोघांमधलं घरमालक-भाडेकरू हे नातं तर त्याहून खरं.

त्या नात्यामागे कायदा उभा होता. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली आणि भाडेकरूला उठवणं अतिशय अवघड करून ठेवलं. एकदा आत आलेला माणूस पुन्हा निघायचा नाही, या धास्तीनं मालक जागा द्यायला कचरत. दिलीच तर पारखून, अटी घालून. चित्रपटातल्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांची जोडप्यांची अट प्रेक्षकाला लगेच पटली, कारण तशाच अटी त्यानं स्वतः ऐकल्या होत्या.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. वेषांतराचा विनोद त्यामागच्या गरजेएवढाच दमदार असतो. बिली वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’ (1959) हाही रिमेकच. आधी 1935 चा फ्रेंच आणि मग 1951 चा जर्मन चित्रपट होऊन गेला होता. जुन्या कथेत बेकार वादक काम मिळावं म्हणून वेष बदलतात. वाइल्डर आणि आय. ए. एल. डायमंड यांनी त्यांना 1929 च्या शिकागोत नेलं, टोळीवाल्यांनी केलेल्या हत्याकांडाचे साक्षीदार बनवलं. आता लुगडं उतरवलं तर जीव जाणार! हसू आणि धास्ती एकाच दोरीला बांधली गेली.

‘बनवाबनवी’त पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग याच कारणानं रंगतो. पार्वती झालेले लक्ष्मीकांत बेर्डे लाजतात ते बाईची टवाळी करायला नव्हे. डोक्यावरचं छप्पर वाचवायला. नटानं स्त्रीभूमिका मनापासून करावी, हे बालगंधर्वांपासून अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’पर्यंत आपल्या रंगभूमीनं जपलेलं आहेच.

2009 मध्ये ‘पेइंग गेस्ट्स’ हा हिंदी चित्रपट याच कल्पनेवर आला; गोष्ट थायलंडमध्ये गेली. वेषांतर राहिलं, पण गावाचा आणि गरजेचा धागा सुटला. परदेशातल्या चकचकीत जागेत घर नसण्याची कळ पोचत नाही. पंजाबीतही 2014 मध्ये ‘मिस्टर अँड मिसेस 420’ आला. कथा प्रवास करतेच. प्रत्येक मुक्कामी तिला नवं कारण शोधून द्यावं लागतं.

मग आजच्या पुण्यातलं कारण कोणतं? 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, लेखी नोंदणीकृत करार सक्तीचा झाला, आणि अकरा महिन्यांच्या करारावर घर देणं सर्रास झालं. भाडेकरू कायमचा बसेल ही भीती ओसरली, पण अटी राहिल्याच. बॅचलर नको, एकटी मुलगी नको, मांसाहार नको. आडनाव ऐकून ‘घर आत्ताच गेलं’ म्हणणारे एजंट हिंजवडीत नोकरीला आलेल्या कितीतरी मुलामुलींना भेटलेत. शिवाय आता आधार कार्ड, पोलीस पडताळणी, जिन्यातला सीसीटीव्ही. नुसत्या साडीनं काम भागणार नाही. आजच्या माने मंडळींना आडनाव, ताट आणि देव्हारासुद्धा बदलावा लागेल. त्यात विनोद भरपूर आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या दारापर्यंत येणारा आहे.

स्त्रीवेषाकडे पाहण्याची नजरही बदलली आहे. ‘सम लाइक इट हॉट’चं 2022 मध्ये ब्रॉडवेवर नवं संगीत नाटक झालं. त्यात स्त्रीवेष घेतलेल्या दोन वादकांपैकी जेरीला स्वतःचीच नवी ओळख पटते. ती भूमिका करणाऱ्या जे. हॅरिसन घी यांना 2023 चा टोनी पुरस्कार मिळाला. मूळ कृतीला धक्का न लावता तिला पुढचा प्रश्न विचारता येतो, याचा हा चांगला दाखला.

म्हणून रिमेकला माझा विरोध नाही. गाजलेले संवाद नव्या तोंडी घालून टाळ्या वसूल करण्याला आहे. ते संवाद त्या नटांचे, त्या वर्षाचे, त्यांना तिथेच नांदू द्यावं. नव्या लेखकानं आधी भाड्यानं घर शोधायला बाहेर पडावं, मिळालेले नकार नीट ऐकावेत आणि मग लिहायला बसावं. सबनीसांचा खरा वारसा तोच.